मदत हवी आहे: चॅप्टर ७ बँक्रप्सी आणि टॅक्स रिफंड (न्यू जर्सी)

मोगरा_एडिसन
माझे धाकटे दीर न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहतात. क्रेडिट कार्डांची देणी आता फिटण्यासारखी नाहीत, म्हणून ३० सप्टेंबरच्या सुमारास चॅप्टर ७ (सवलतीबाहेरची मालमत्ता धनकोंना देऊन उरलेली देणी माफ करून घ्यायची बँक्रप्सी) दाखल करायचं चाललंय. अर्ज ते एकटेच करणार, जाऊबाई नाही. टॅक्स रिटर्न मात्र दोघांचं एकत्र असतं. या वर्षीचा रिफंड साधारण ४,३८० डॉलर निघेल आणि तो पुढच्या वर्षी येईल.

विचारायचं असं, की हा रिफंड ट्रस्टी (धनकोंसाठी मालमत्ता गोळा करायला नेमलेला माणूस) घेऊन जाईल का? मामांकडून उसने घेतलेले २,००० डॉलर अर्जाआधी परत करून टाकले तर चालेल का? आणि पुण्यातल्या बँकेत दिरांची एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यातली) ठेव आहे. तिच्यावर कापलेल्या टीडीएसचा रिफंड यायचा आहे, तोही दाखवावा लागतो का?

हिशेबनीस
मोगराताई, रिफंड खात्यात कधी जमा होतो ते गौण आहे. तो कोणत्या दिवसांच्या कमाईवरच्या कराचा आहे, ते बघितलं जातं. अर्जाच्या दिवसापर्यंतचा वाटा बँक्रप्सी इस्टेटीत, म्हणजे ट्रस्टीच्या ताब्यातल्या मालमत्तेत जातो. त्यानंतरच्या दिवसांचा वाटा दिरांचा. 'तो माझ्याच पगारातून कापलेला पैसा आहे' हा युक्तिवाद टिकत नाही. पगाराच्या जप्तीवर जी पंचवीस टक्क्यांची मर्यादा असते ती रिफंडला लागू नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये कोकोश्का विरुद्ध बेलफर्ड खटल्यात स्पष्ट केलं आहे.

हिशेब दिवसांवर चालतो. १ जानेवारी ते ३० सप्टेंबर म्हणजे २७३ दिवस. ४,३८० भागिले ३६५ म्हणजे दिवसाला १२ डॉलर, म्हणून अर्जाआधीचा वाटा ३,२७६ डॉलर.

पण रिटर्न एकत्र आहे आणि अर्ज एकट्याचा, त्यामुळे आधी नवरा-बायकोची वाटणी करावी लागते. सगळी कोर्टं एकाच पद्धतीने जात नाहीत. काही सरळ निम्मं करतात, काही कमाईच्या प्रमाणात, तर काही कोणाच्या पगारातून किती कर कापला गेला त्या प्रमाणात. समजा दिरांचे ९,००० आणि जाऊबाईंचे ६,००० कापले गेले. कापलेल्या कराच्या प्रमाणात दिरांचे २,६२८ होतात आणि त्यातले अर्जाआधीचे सुमारे १,९६६. निम्म्याच्या हिशेबाने तोच आकडा १,६३८ येतो. दोघांचे डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेला कर दाखवणारे फॉर्म) वकिलांना आत्ताच द्या आणि त्यांच्या कोर्टात कोणती पद्धत चालते ते विचारून घ्या.

इस्टेटीत गेला म्हणजे हातचा गेला, असं मात्र समजू नका. न्यू जर्सीत फेडरल सवलती (ट्रस्टीला घेता न येणाऱ्या मालमत्तेची केंद्राची यादी) निवडता येतात. १ एप्रिल २०२५ पासून त्यात कुठल्याही वस्तूला लावता येणारी १,६७५ डॉलरची सूट आहे, शिवाय घरासाठीची सूट वापरली नसेल तर तिच्यातले १५,८०० पर्यंत. दीर भाड्याने राहतात, म्हणजे एकूण १७,४७५ डॉलर. गाडीची जास्तीची किंमत, बँकेतली शिल्लक आणि पुण्याची ठेव यांनी ही रक्कम खाऊन टाकली नसेल, तर रिफंडचा सगळा वाटा त्यात बसतो. एक अट तपासा: अर्जाआधी सलग ७३० दिवस ते न्यू जर्सीतच राहत होते का? मध्ये राज्य बदललं असेल तर आधीच्या राज्याच्या सवलती लागू होऊ शकतात, आणि मग वरचे आकडे विसरावे लागतील.

पाटीपेन्सिल
हिशेबनीस यांच्या उत्तराला पुढे जोडते, कारण गाडी अडते ती फॉर्ममध्ये. शेड्यूल ए/बी (मालमत्तेची यादी) मध्ये २८ क्रमांकाची ओळ येणं असलेल्या टॅक्स रिफंडची आहे. 'अजून रिटर्न भरलंच नाही' म्हणून लोक तिथे 'नाही' लिहितात. रिटर्न भरलेलं नसलं तरी हक्क तयार होत आलेला असतो, त्यामुळे अंदाजे रक्कम लिहायची आणि केंद्राचा रिफंड वेगळा, राज्याचा वेगळा दाखवायचा.

तेवढ्याने भागत नाही. तीच नोंद शेड्यूल सी मध्येही हवी, कारण सूट मागितल्याशिवाय मिळत नाही. मागताना रक्कम अगदी काटेकोर ठेवू नका. १,६३८ ची सूट मागितली आणि ट्रस्टीच्या हिशेबात १,९६६ निघाले, तर वरचे ३२८ इस्टेटीत राहतात. २०१० च्या श्वाब विरुद्ध रायली निकालाचा व्यवहारातला अर्थ हाच. जागा शिल्लक असेल तर सगळ्यात मोठा संभाव्य आकडा धरा. मागितलेल्या सवलतीवर हरकत घ्यायला साधारणपणे ३४१ ची बैठक (ट्रस्टी अर्जदाराला शपथेवर प्रश्न विचारतो ती) संपल्यापासून ३० दिवस असतात. आणि ओळ राहूनच गेली तर केस बंद होण्याआधी शेड्यूल दुरुस्त करता येतं. तसं लगेच करा, ट्रस्टीने विचारायची वाट बघू नका.

त्या बैठकीच्या निदान ७ दिवस आधी शेवटच्या भरलेल्या रिटर्नची प्रत ट्रस्टीला द्यावी लागते. मागच्या वर्षी मोठा रिफंड आला असेल तर यंदाचाही तो तिथूनच ताडतो. पहिल्या ५,००० डॉलरच्या वाटपावर ट्रस्टीला २५ टक्क्यांपर्यंत मेहनताना मिळू शकतो, त्यामुळे सूट न मागितलेले दोन हजार तो सहसा सोडत नाही. दोनशे-तीनशेसाठी केस उघडी ठेवणं बहुधा परवडत नाही.

मोगरा_एडिसन
दोघांचेही मनापासून आभार. पण डिस्चार्ज (कर्जमाफीचा आदेश) तर तीन-चार महिन्यांत मिळतो म्हणतात. रिफंड त्यानंतर आला तर सुटला ना?

हिशेबनीस
नाही. डिस्चार्ज कर्जाचा होतो. इस्टेटीत गेलेली मालमत्ता डिस्चार्जने परत येत नाही. ट्रस्टी केस उघडी ठेवून रिटर्न मागवू शकतो. तसं पत्र आलं तर हिशेब होईपर्यंत रिफंडला हात लावायचा नाही. मागणी होऊनही पैसे खर्च केले तर मिळालेला डिस्चार्ज रद्द करण्याचा अर्ज होऊ शकतो, आणि मग अख्खं कर्ज पुन्हा डोक्यावर येतं. दोन हजारांसाठी हा धोका पत्करू नये, हे दिरांना नीट समजावून सांगा.

पाटीपेन्सिल
आता मामांचे पैसे. हे अजिबात करू नका. मामा कायद्याच्या भाषेत 'इनसायडर' (जवळचे नातेवाईक वगैरे) ठरतात, आणि इनसायडरला अर्जाआधीच्या एका वर्षात केलेली परतफेड ट्रस्टी उलटवू शकतो. मागणी येते ती मामांकडे. फॉर्म १०७ (आधीच्या पैशांच्या व्यवहारांची माहिती द्यायचा फॉर्म) मध्ये हा प्रश्न थेट विचारलेला आहे आणि उत्तर शपथेवर द्यायचं असतं. मामांचं नाव धनकोंच्या यादीत घाला. डिस्चार्जनंतर दिरांनी स्वखुशीने पैसे फेडले तर कायद्याची आडकाठी नाही.

गावी आईवडिलांना पाठवलेल्या पैशांचंही बघा. गेल्या २ वर्षांत एकाच व्यक्तीला एकूण ६०० डॉलरपेक्षा जास्त भेट दिली असेल तर ती त्याच फॉर्ममध्ये लिहावी लागते. दर महिन्याला थोडे थोडे पाठवले असले तरी बेरीज धरतात.

आधीच हाती आलेला रिफंड भाडं, किराणा, औषधं, गाडीची दुरुस्ती, वकिलाची फी अशा नेहमीच्या गरजांवर खर्च करायला हरकत नाही. पावत्या ठेवा आणि रोख काढू नका, रोख काढली की कुठे गेली ते दाखवता येत नाही.

मुळामुठा
टीडीएसबद्दल: हो, दाखवावा लागतो. कायद्यात मालमत्ता 'कुठेही असलेली' धरली आहे, पुण्यातली त्यात आलीच. एनआरओ ठेव १७ क्रमांकाच्या ओळीत जाते आणि टीडीएसचा रिफंड २८ मध्ये, दोन्ही अर्जाच्या दिवशीच्या दराने डॉलरमध्ये.

भारतातलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आहे, हे वकिलांना मुद्दाम सांगा. ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचा रिफंड पूर्ण इस्टेटीत जातो. चालू वर्षाचा १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असा १८३ दिवसांचा वाटा धरावा लागेल. रक्कम किरकोळ नसते, कारण एनआरओ व्याजावर उपकरासह ३१.२ टक्के टीडीएस कापतात आणि दोन देशांमधल्या करारानुसार कर १५ टक्केच लागत असेल तर बाकीचा परत मिळतो. २६एएस उतारा काढा, कापलेली सगळी रक्कम त्यात दिसते. आणि लक्षात ठेवा, ठेव आणि हा रिफंड दोन्ही त्या १७,४७५ मध्येच बसवायचे आहेत. ठेव मोठी असेल तर अमेरिकेतल्या रिफंडला जागा उरणार नाही.

कोथरूड_ते_ऑस्टिन
माझ्याकडून एक उपप्रश्न. चॅप्टर १३ (मंजूर प्लॅनप्रमाणे हप्त्यांनी देणी फेडायची बँक्रप्सी) असेल तर?

हिशेबनीस
तिथे प्रश्न एका रिफंडचा नसतो, तीन ते पाच वर्षांतल्या प्रत्येक रिफंडचा असतो. राष्ट्रीय नमुन्याच्या प्लॅनमध्ये २.३ हे कलम बघा. रिफंड स्वतःकडे ठेवायचा, की रिटर्न भरल्यापासून १४ दिवसांत प्रत देऊन सगळा ट्रस्टीला द्यायचा, की तिसरंच काही ठरवायचं, ते तिथे निवडलेलं असतं. बऱ्याच जिल्ह्यांचा स्वतःचा नमुना आहे, त्यामुळे मंजूर झालेला प्लॅन वाचणं हाच उपाय. गाडी बंद पडली किंवा दवाखान्याचा खर्च आला तर रिफंड ठेवून घ्यायची परवानगी कोर्टाकडे मागता येते. अर्ज खर्चाच्या आधी करायचा.

मोगरा_एडिसन
शेवटचं विचारते. दिरांनी आत्ताच डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते कंपनीला सांगायचा फॉर्म) बदलून कर कमी कापून घेतला तर रिफंडच लहान होईल ना?

पाटीपेन्सिल
होईल, आणि हा सरळ मार्ग आहे. एकूण रिफंड घटला की २७३ दिवसांचा वाटाही घटतो. मात्र हातात जास्त आलेला पगार अर्जाच्या दिवशी बँकेत पडून असेल तर तो बँकेतली शिल्लक म्हणून इस्टेटीत जातो. शिवाय अर्जाआधीच्या सहा महिन्यांचं उत्पन्न तपासलं जातं ते कर कापण्यापूर्वीचं, त्यामुळे पात्रतेवर काही परिणाम नाही. आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) संकेतस्थळावरच्या कॅल्क्युलेटरने आकडा काढा आणि रिफंड शून्याच्या थोडा वर ठेवा. फार खाली नेलात तर एप्रिलमध्ये कर भरायची वेळ येईल, आणि चालू वर्षाचा कर या बँक्रप्सीत माफ होणार नाही.