पेंटिंग शेडमधला थिनर: मास्क, हातमोजे आणि पंख्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भावाबरोबर गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं लहान वर्कशॉप चालवतो. लांबी (पुट्टी) घासण्यापासून टॉपकोटपर्यंत सगळं एकाच शेडमध्ये, वेगळा स्प्रे बूथ नाही. रंग पातळ करायला, पॅनल पुसायला, स्प्रे गन धुवायला, सगळीकडे थिनर. संध्याकाळी डोकं जड होतं आणि भावाच्या बोटांना भेगा पडल्यात. आमचे पेंटर धंद्यात मुरलेले. विषय काढला की "होते सवय" म्हणून हसतात. सवय होते हे खरंच, पण ती नाकाला. वास येईनासा झाला तरी हवेतलं टोल्युइन (थिनरमधलं एक द्रावक) तेवढंच असतं.

मला नेमकं हवंय ते असं. धुळीचा पांढरा मास्क वाफ अडवत नाही एवढं कळलंय, मग कार्ट्रिजचा घेताना काय बघू? नायट्रिलचे पातळ मोजे गन धुताना फुगतात आणि टोकाला फाटतात, त्याला पर्याय काय? एक्झॉस्ट पंखा भिंतीत उंचावर आहे, तो जोरात फिरतो पण वास हलत नाही. आणि थिनरऐवजी ब्रेक क्लीनरने पॅनल पुसावं असं एकाने सुचवलंय, ते बरं का?

"काळजी घ्या" छापाचे सल्ले कृपया नकोत, ते घरी रोज मिळतात.

चौथा गिअर:
पंख्यापासून सुरू करतो, कारण मास्क हा शेवटचा उपाय. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्डा असेल तर त्यात साचते. त्यामुळे हवा खालून ओढली पाहिजे, आणि समोरच्या बाजूने ताजी हवा आत यायला वाट पाहिजे, नाहीतर पंखा नुसता घरघरतो. पेंटरने मधे असं उभं राहावं की वाफ तोंडावरून न जाता त्याच्यापासून दूर जाईल. मात्र साध्या मोटरचा पंखा त्या वाफेत बसवू नका, ठिणगी पडते. फ्लेमप्रूफ मोटर (ठिणगी बाहेर पडू न देणारी) घ्या. थिनरमधल्या अ‍ॅसिटोनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते) उणे 20 अंश सेल्सिअसच्या आसपास, टोल्युइनचा साधारण 4. म्हणजे शेडमधल्या नेहमीच्या तापमानाला दोन्ही पेट घ्यायला तयारच. शेजारी ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू असताना थिनरचा डबा उघडायचाच नाही. रिकामा डबा तर भरलेल्यापेक्षा वाईट, आत वाफच असते. तो कापायला घेऊ नका.

मास्कसाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज (थिनरसारखी वाफ शोषणारं), पुढे रंगाच्या तुषारांसाठी प्रीफिल्टर. काम झालं की हवाबंद पिशवीत ठेवा. खिळ्याला टांगलेलं कार्ट्रिज रात्रभर शेडची हवा शोषत बसतं. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही.

टूके क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर, मारता का? हार्डनरच्या डब्यावर आयसोसायनेट लिहिलंय का बघा.

धागाकर्ता:
हो, लिहिलंय. आता तेही घाबरवणार का?

चौथा गिअर:
घाबरवतो, कारण तिथे नाक काहीच कामाचं नाही. आयसोसायनेटचा वास धोक्याच्या पातळीला येतच नाही, त्यामुळे कार्ट्रिज संपलं तरी कळत नाही. त्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशानेही उसळतो. टूके मारणाऱ्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क द्या. कॉम्प्रेसरची हवा थेट जोडू नका, त्यात तेल येतं. श्वासासाठीचं फिल्टर युनिट लागतं. आणि त्या वेळी शेडमध्ये बाकी कुणी नको. भाऊ शेजारी लांबी घासत बसला असेल तर त्याच्याही फुप्फुसात जातंच.

पोपटी प्रायमर:
मी पेंटरच. मोज्यांबद्दल: थिनर म्हणजे मिश्रण, तिथेच गोची आहे. ब्युटिल रबर अ‍ॅसिटोनला टिकतं पण टोल्युइनला नाही, पातळ नायट्रिल अ‍ॅसिटोनला काही मिनिटांत हार मानतं. म्हणून पातळ मोजा फक्त शिंतोड्यांपुरता समजा, भिजला की लगेच फेका. गन धुवायला लॅमिनेट फिल्मचे मोजे मिळतात. ते ढगळ असतात, वरून नायट्रिल चढवला की पकड येते. हात थिनरने धुणं मात्र आजपासून बंद. भेगा त्यानेच पडतात, कातडीचं तेल निघून जातं. हातावरच्या रंगाला आधी खाद्यतेल चोळा, मग साबण.

भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका आणि रोज बाहेर काढा.

ब्रेक क्लीनरमध्ये एन-हेक्झेन हे द्रावक आहे का ते आधी वाचा. कॅलिफोर्नियात 1999-2000 च्या सुमारास वाहन दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातापायांच्या नसा त्याने खराब झाल्याच्या नोंदी आहेत. मुंग्या येणं, बधिरपणा. अ‍ॅसिटोन बरोबर असेल तर त्रास वाढतो. पॅनल पुसायला पाण्यावर आधारित डीग्रीझर बघा, सुकायला वेळ लागतो एवढंच.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. उद्याच हात धुण्याचा थिनरचा डबा उचलतो, पंख्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलावतो. टूकेचं काम हवेचा मास्क येईपर्यंत थांबवलंय. पेंटर रुसलेत, पण ते बघू.