लग्नात वाईनचा टोस्ट आहे म्हणून बाबा हॉलमध्ये यायला तयार नाहीत. पवित्र शास्त्र नक्की काय सांगतं?

मिशन_कंपाउंड:
जय ख्रिस्त सगळ्यांना. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, मुलगा वसईचा, कॅथलिक, माणसं खूप चांगली आहेत. आम्ही नगरचे, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट), आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, औषधाच्या बाटलीवर अल्कोहोल लिहिलेलं दिसलं तरी आजी दहा प्रश्न विचारायची. आता तिकडे रिसेप्शनला वाईनचा टोस्ट असतो आणि नंतर बाकीचंही असतं हे कळल्यापासून बाबा म्हणतायत चर्चमध्ये येईन, आशीर्वाद देईन, पण हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. व्याही म्हणतात, अहो प्रभूनेच काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, मग पाप कसलं? बाबा त्यांना नीतिसूत्रे २३ वाचायला सांगतात, ज्यात द्राक्षारसापासून सावध राहा असं आहे. दोघांच्या हातात पवित्र शास्त्रच आहे आणि मधल्यामध्ये बहीण रडतेय.

मला नुसती मांडवली नकोय. शिकवण काय आहे आणि आपल्याच दोन चर्चमध्ये एवढा फरक कुठून आला हे कोणी नीट सांगेल का?

पापडीकर:
मी वसईचाच, त्यामुळे तुमच्या व्याह्यांची बाजू मला कळते. आमच्याकडे पिणं हे पाप मानत नाहीत, भान जाईपर्यंत पिणं हे पाप. मिस्साला, म्हणजे आमच्या चर्चमधल्या मुख्य उपासनेला, तर खरी द्राक्षाचीच वाईन लागते, न बिघडलेली, तसा चर्चचा नियमच आहे, फादर तिच्यात पाण्याचा थेंब घालतात. ज्या फादरना दारूचा त्रास झालेला आहे त्यांना बिशपांच्या परवानगीने मुस्टम घेता येतं, म्हणजे द्राक्षाचा रस ज्याचं आंबणं सुरुवातीलाच थांबवलेलं असतं.

पण काना गावाचा दाखला लोक फार सोपा करून टाकतात. योहान २ मध्ये सहा दगडी रांजण आहेत, एकेकात साधारण ८० ते १२० लिटर, म्हणजे प्रभूने द्यायचं तेव्हा हात आखडला नाही हे खरं, पण ते त्या घरची अब्रू जाऊ नये म्हणून, आणि त्यातून त्याचं वैभव प्रकट झालं असं योहान लिहितो. त्यावरून रात्री एकपर्यंत बार चालू ठेवायचा परवाना काढणं मला पटत नाही. आणि खरं सांगायचं तर टोस्टचा घोट हा प्रश्नच नाही, प्रश्न नंतरचा आहे. आमच्या गावांत दारूने गेलेली तरुण माणसं मी पाहिलीत, त्यांच्या बायका पुढच्याच रविवारी मिस्साला एकट्या येऊन बसलेल्या पाहिल्यात. फादर जो परेरांनी १९८१ ला वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून व्यसनमुक्तीसाठी कृपा फाउंडेशन सुरू केलं ते उगाच नाही. न पिणारा कॅथलिक म्हणजे कमी कॅथलिक असंही नाही, आयर्लंडमध्ये १८९८ पासून पायोनियर नावाची चळवळ आहे, येशूच्या पवित्र हृदयासाठी म्हणून लोक जन्मभर दारू सोडतात.

जुनं_दप्तर:
फरक कुठून आला ते सांगतो, हा माझ्या आवडीचा विषय आहे. सुरुवातीचे प्रोटेस्टंट न पिणारे नव्हतेच, प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या लूथरच्या घरी त्याची बायको कॅथरिना स्वतः बिअर बनवायची. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या वेस्लीने आपल्या लोकांना कडक दारू मना केली, पण वाईन-बिअरबद्दल तो तसा नव्हता. पूर्ण बंदीचा आग्रह १९व्या शतकातला. अमेरिकन टेंपरन्स (म्हणजे दारू सोडा) सोसायटी १८२६ ला बोस्टनमध्ये निघाली आणि नगरला १८३१ ला जी अमेरिकन मराठी मिशन आली तिचं मुख्य ऑफिसही बोस्टनलाच. म्हणजे ज्या गावात ही चळवळ पेटली तिथूनच आपले मिशनरी निघाले! साल्व्हेशन आर्मी १८६५ ची, लंडनच्या गरीब वस्तीतली, तिथे दारूने घरंच्या घरं बसली होती म्हणून त्यांच्या सोल्जरला, म्हणजे सभासदाला, आजही दारू न पिण्याची शपथ असते. पंडिता रमाबाई १८८६ ला अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यासुद्धा तिथल्या विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियनशी जोडल्या गेल्या होत्या.

वसईला धर्म आला पोर्तुगीजांबरोबर, जिथे जेवणाच्या टेबलावर वाईन असते. आणि नागालँडला १९८९ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला त्यामागे बॅप्टिस्ट चर्चचा जोर होता. गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाला हे सांगून बघा, त्याला खरं वाटणार नाही.

म्हणून मला वाटतं बाबांनी याला श्रद्धेचा पाया समजू नये. तो आपल्या मिशनचा वारसा आहे, चांगला वारसा आहे, पण पाया नाही.

मनुका_आणि_मलमल:
वरच्या दादांशी अर्धी सहमत. मी पाळकाची मुलगी. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या (चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) आदल्या रात्री आई काळ्या मनुका भिजत घालायची, सकाळी त्याच पाण्यात उकळून, कुस्करून, मलमलीच्या फडक्यातून गाळायची, बोटं दिवसभर जांभळी असायची. मग छोट्या काचेच्या पेल्यांत ओतायचं काम आम्हा मुलांचं, सांडलं की ओरडा. (आंबू न देता द्राक्षाचा रस टिकवायची युक्ती वेल्च नावाच्या मेथडिस्ट डेंटिस्टने १८६९ ला काढली ती प्रभुभोजनासाठीच, पण तो रस आमच्या गावात कोण आणणार.) मंडळीत एक काका होते, दारू सोडलेले. ते पेला न घाबरता उचलायचे. नुसत्या वासाने जो माणूस परत घसरू शकतो त्याच्यासाठी मंडळीने आपला पेला बदलला, हे मला इतिहासातली भानगड म्हणून सोडून देता येत नाही. रोमकरांस १४:२१ हेच तर सांगतं, ज्याने भाऊ अडखळतो ते मांस, तो द्राक्षारस, काही नको.

पण त्याच अध्यायाची ३री ओवी, माफ करा ३रं वचन, बाबांना वाचून दाखव. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. पौल दोघांनाही धरतो.

आणि यिर्मया ३५ वाचा, यावर कोणी बोलतच नाही. रेखाबी नावाच्या घराण्यातल्या लोकांपुढे यिर्मया संदेष्टा मंदिरात द्राक्षारसाचे प्याले ठेवतो आणि ते म्हणतात आम्ही पिणार नाही, आमच्या पूर्वजाने नको म्हणून सांगितलंय. देव त्यांचं कौतुक करतो, वचन पाळलं म्हणून. बाकीच्या यहूद्यांना मात्र तो म्हणत नाही की तुम्हीही सोडा. मला तर हे तुमच्याच घराचं वर्णन वाटतं. आजोबांचा शब्द बाबांनी पाळावा, मानाने पाळावा, पण वसईच्या माणसांवर तो शब्द बंधनकारक नाही.

चर्चगेट_फास्ट:
तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं पौलच सांगतो ना? १ तीमथ्य ५:२३. बाबांना एवढं कडक व्हायचं कारण काय, लग्न एकदाच होतं.

मनुका_आणि_मलमल:
@चर्चगेट_फास्ट त्या वचनात "थोडा" आणि "वारंवार होणारं दुखणं" दोन्ही आहे, ते रिसेप्शनला कसं लावणार? आणि बाबांच्या हातात ग्लास द्यायचा आग्रह कुणीही करू नये, ही माझी कळकळीची विनंती.

पापडीकर:
व्यवहाराचं बोलतो. आमच्याकडे टोस्ट केक कापल्यावर लगेच असतो, दोन मिनिटांचं काम, घरातलं मोठं माणूस नवरा-नवरीबद्दल चार शब्द बोलतं. त्या वेळी नगरच्या टेबलांवर द्राक्षाचा रस ठेवायला सांगा, कुणी नाक मुरडणार नाही. बार जेवणानंतरच उघडायचा आणि तुमची बस त्याआधी सुटेल अशी वेळ धरा. हे व्याह्यांशी तुम्ही बोला, बहिणीला मध्ये घालू नका, तिला त्याच घरात राहायचंय.

मिशन_कंपाउंड:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर यिर्मया ३५ मोठ्याने वाचला, बाबा काही बोलले नाहीत पण त्यांनी पुस्तक मागून घेतलं आणि परत स्वतः वाचलं. व्याह्यांना फोन केला, ते बार उशिरा उघडायला एका शब्दात तयार झाले आणि उलट त्यांनीच विचारलं की टोस्टच्या आधी बाबा प्रार्थना करतील का. बाबांचं उत्तर अजून "बघू" आहे. पापडीकर दादा, तुमच्याकडे हॉलमध्ये अशी प्रार्थना चालते ना, की फादरना आधी विचारावं लागेल?