सकाळी गणवेशावरून रडारड: लेकराचं ऐकायचं का नाही?

परभणीची आई: मुलगी पहिलीत आहे. रोज सकाळी मोजे "टोचतात" म्हणून काढून फेकते, मग रडारड. मला हट्टच वाटायचा. दोनदा धपाटाही दिला, त्याचं अजून वाईट वाटतं. परवा मोजा उलटा करून पाहिला, तर बोटांपाशी शिलाईची जाड गाठ! तसाच उलटा घातला, गप्प बसली. शर्टाच्या कॉलरमागचं लेबलही उसवून टाकलं. माझं म्हणणं, आधी कपडा तपासावा, मग लेकराला बोलावं.

लातूरचे आजोबा: पोरी, मोजा पाहिलास ते चांगलं केलंस. पण रोज विचारत बसलीस तर उद्या बेल्ट नको, परवा शाळाच नको. आमच्याकडं रात्रीच गणवेश खुंटीला लागतो, सकाळी चर्चा नाही. सगळी लेकरं एका रांगेत सारखी दिसावीत म्हणून तर गणवेश आहे.

नांदेडचा बाप: आजोबा, राग मानू नका. "घालतोस का?" विचारलं की "नाही" येणारच. मी विचारतो, "आधी शर्ट का आधी मोजे?" गणवेश तोच, पण ठरवलं त्यानं. रिक्षा यायच्या आत तयार असतो.

झेडपी शाळेतली बाई, धाराशिव: वेळेचंही बघा. २०२४ मध्ये शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, ते लेकरांची झोप व्हावी म्हणूनच. झोप न झालेलं लेकरू कशावरूनही रडतं. आणि नवा गणवेश दोनदा धुतल्याशिवाय घालू नका, खळीनं अंग खाजतं. "वाढत्या अंगाचा" म्हणून दोन मापं मोठाही घेऊ नका. सगळ्यात महत्त्वाचं, कमरेला इलॅस्टिक असू द्या. घट्ट हूक निघत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारी लेकरं मी वर्गात पाहिलीत.

लातूरचे आजोबा: हुकाचं माझ्या ध्यानात नव्हतं, बाई. आजच बदलून घेतो. पण आधी शर्ट का मोजे, हे विचारणं मला पटत नाही. घाईत मोठ्यानं ठरवावं.

परभणीची आई: आजोबा, जानेवारीत इथं पारा ९ च्या खाली येतो. खुंटीवरचा गार शर्ट अंगाला लागला की ती कुडकुडते. त्याला हट्ट कसं म्हणू? आता गणवेश रात्री घडी करून तिच्या पांघरुणात ठेवते. मोज्यांचं मात्र मी रोज विचारणारच.