पांढऱ्या बलकाची मेमरी

*सई (बी-२०४):* देशपांडेकाका, कॉलेज प्रोजेक्टला अंड्याची मेमरी करतोय, म्हणजे व्होल्टेज दिलं की बलकाचा रोध कमी-जास्त होतो आणि तेच ० किंवा १. आयटीओ काच (वीज वाहणारा पारदर्शक थर असलेली), त्यावर पांढऱ्या बलकाची पातळ फिल्म, वर ॲल्युमिनियमचे ठिपके. दहातले सात ठिपके पहिल्याच मोजणीत शॉर्ट.

*देशपांडेकाका (ए-३०२):* फेटलंत का? फेटायचं नाही. बुडबुडा सुकला की फिल्मला भोक पडतं आणि ॲल्युमिनियम थेट आयटीओपर्यंत उतरतं. पिवळ्या बलकाला धरून असते ती पांढरी दोरी काढा, पांढऱ्या बलकाइतकंच पाणी घालून हलक्या हाताने ढवळा. त्यातलं ओव्होम्युसिन हे चिकट प्रोटीन तंतूंसारखं गढूळ होतं. सेंट्रिफ्यूज करून फक्त वरचं निवळ घ्या. नुसतं गाळायला गेलात तर सिरिंज फिल्टर लगेच तुंबतो.

*सई:* फेटलं होतं 🙈

*कुलकर्णी मॅडम (बी-६०१):* काचही बघ. ॲसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), डीआय (आयन काढलेलं) पाणी, प्रत्येकी १० मिनिटं सोनिकेटरमध्ये, मग यूव्ही-ओझोन. पाण्याचा थेंब काचेवर पसरला पाहिजे. मण्यासारखा उभा राहिला तर फिल्म कडेला गोळा होणार. हॉटप्लेटवर आधी ६० अंशांना पाणी जाऊ दे, मग १०० च्या वर ने. एकदम तापवलंस तर वाफेचे फोड येतात. ओव्हाल्ब्युमिन, बलकातलं मुख्य प्रोटीन, साधारण ८० ला उलगडून जाळं धरतं. कोपऱ्यावर पाणी टाकून फिल्म विरघळली तर भाजणं कच्चं राहिलंय.

*देशपांडेकाका:* आणि करंटची मर्यादा लावल्याशिवाय व्होल्टेज चढवू नका. सुरुवात १०० मायक्रोॲम्पियरने. मर्यादा नसेल तर पहिल्याच ‘सेट’ला (रोध कमी करताना) करंटची वाट कायमची जळून पक्की होते, मग ‘रीसेट’ (रोध परत वाढवणं) विसरा. वाचन ०.२ व्होल्टच्या आतच.

*मेहतामामी (ए-१०१):* अंड्याऐवजी रेशीम चालेल ना? 🙏

*कुलकर्णी मॅडम:* चालतं, पण मामी, सहसा कोशातला किडा उकळूनच रेशीम निघतं 😅 ०.०२ मोलर सोडियम कार्बोनेटमध्ये कोश ३० मिनिटं उकळायचे, उरलेलं फायब्रॉइन (धाग्याचं मुख्य प्रोटीन) धुऊन सुकवायचं, ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइडमध्ये ६० अंशांना ४ तास, मग फक्त छोटे रेणू बाहेर सोडणाऱ्या ३५०० डाल्टनच्या पिशवीत, पाण्यात ठेवून ४८ तास डायलिसिस. पाणी बदलायला कंटाळलं की लिथियम मागे राहतं आणि तेच करंट वाहतं. उकळलेल्या पाण्यात जाणाऱ्या सेरिसिनचीही (रेशमाच्या डिंकाची) मेमरी बनवलेली आहे.

*सई:* तीन ठिपके छान लूप देतायत, व्होल्टेज चढताना आणि उतरताना करंटची रेघ वेगळी येते. म्हणजे जमलं?

*देशपांडेकाका:* घाई नको. पावसाळ्यात प्रोटीन पाणी ओढतं, बलकात सोडियम-क्लोराइड आहेतच. आयन सरकले तरी लूप दिसतो. कोरड्या नायट्रोजनमध्ये मोजा. लूप गेला तर ते पाणी होतं. दुसरं, ॲल्युमिनियम प्रोटीनला लागून ऑक्साइड धरतं आणि ते स्वतःच स्विच होऊ शकतं. म्हणून काही ठिपके सोन्याचे हवेत. चांदीचे नकोत, चांदी स्वतःच आत घुसून तंतू बनवते.

*सई:* नायट्रोजनची सोय नाही. डेसिकेटर आहे.

*देशपांडेकाका:* रात्रभर ठेवा त्यात, काढल्याकाढल्या मोजा. सिलिका जेल गुलाबी दिसलं तर आधी ते भाजून निळं करा.