टर्मिनेटर २ – ११ वर्षांच्या पोराला दाखवू का? मदत हवी आहे

मुलगा आठवडाभर डोकं खातोय, टर्मिनेटर २ बघायचाच म्हणून. १९९१ चा पिक्चर, मी शाळेत असताना बघितलेला, काल तो झोपल्यावर परत लावला. अ‍ॅक्शन आजही कडक! आणि तो पोरगा, जॉन, रोबो झालेल्या श्वार्झनेगरला माणसं मारायची नाहीत अशी शपथ घ्यायला लावतो ना, मग तो नुसता पायावर गोळ्या घालतो, ते फार आवडलं. पण तो पाऱ्यासारखा व्हिलन रोबो टी-१००० हाताचं पातं करून दूध पिणाऱ्याच्या तोंडातून आरपार घालतो, आणि जॉनच्या आईचं, साराचं, अणुबॉम्बचं स्वप्न, बागेत खेळणारी पोरं जळतात, मीच पॉज करून पाणी पिऊन आले. अमेरिकेत आर रेटिंग (१७ च्या खालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचा) आहे म्हणे. कोणी या वयाच्या मुलांना दाखवलाय का? तेवढे सीन पळवले तर चालेल? आणि १९८४ चा पहिला आधी दाखवावाच लागेल का?