पडलेल्या रेन ट्रीचं सरपण बंबासाठी कसं करायचं? कुऱ्हाड अडकते आहे

मुलुंडपूर्व_अंगण

जुलैच्या वाऱ्यात आवारातल्या रेन ट्रीची मोठी फांदी पडली. बुडाशी दोन फूट जाड, शेंड्याकडे सहा इंच, लांबी वीसेक फूट. आंब्याचीही एक फांदी मोडली आहे. आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबावर तापतं, त्यामुळे लाकूड वाया घालवायचं नाही. बारीक फांद्या हातकरवतीने कापून झाल्या, पण जाड ओंडक्यात कुऱ्हाड रुतून बसते, फूट पडतच नाही. चेनसॉ भाड्याने आणू का? हे लाकूड या डिसेंबरात जळेल का? पालिकेची काही परवानगी लागते का?

पाचर_आणि_घण

आधी वजनाचा अंदाज घ्या. ओलं लाकूड घनमीटरला साधारण नऊशे किलो धरलं, तर एक फूट जाड, एक फूट लांब ओंडका वीस किलोचा होतो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट, म्हणजे तुमच्या बुडाकडचा तेवढाच तुकडा ऐंशी किलोचा. बंबाला तसेही सहा-आठ इंचांपेक्षा लांब तुकडे लागत नाहीत. म्हणून जागेवरच आठ इंची चकत्या पाडा. बुडाची चकती तरीही पन्नास-पंचावन्न किलो भरेल. ती उचलू नका, कडेवर उभी करून लोटत न्या.

जाड भागासाठी चेनसॉ आणाच. सोळा इंची पट्टीचा (जिच्यावरून चेन फिरते ती) पुरेल, दोन फुटी भाग दोन्ही बाजूंनी कापावा लागेल. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच घाला. 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिली. चेनचं तेल वेगळं असतं, त्याची टाकी प्रत्येक वेळी पेट्रोलबरोबर भरायची. भुसा पिठासारखा पडायला लागला की धार गेली समजा. चांगल्या धारेची चेन चुरा नाही, कपचे काढते.

शहरातल्या झाडांत खिळे असतात. दिव्यांच्या माळा, कपडे वाळवायची तार, पाटी, सगळं झाड वाढता वाढता पोटात घेतं. लाकडावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं धरून तिथून चार इंच सरकून कापा. एका खिळ्यावर सगळी धार जाते.

पट्टी अडकण्याचं कारण ताण. फांदी दोन्ही टोकांना टेकलेली आणि मध्ये अधांतरी असेल, तर वरची बाजू दाबली जात असते: आधी वरून एक तृतीयांश, उरलेलं खालून. एकच टोक टेकलेलं असेल तर उलट: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका, मशीन उसळून तोंडाकडे येतं. गॉगल, बूट, कानाला मफ. ओल्या चिखलात उभं राहून चालवू नका.

आता कुऱ्हाड का रुतते ते. रेन ट्रीचे धागे सरळ नसतात, थराथराने उलटसुलट गुंफलेले असतात. चकतीच्या मधोमध घाव घातला की तो धाग्यांत जिरतो. कडेपासून सुरुवात करा: काठापासून दोन-तीन इंच आत घाव घालून ढलपी काढा, चकती फिरवा, पुढची काढा. असं गोल गोल फिरत आत यायचं. गाठ आणि बेचक्याचा भाग वेगळा ठेवा, त्याला लोखंडी पाचर आणि घणच लागतो. एक पाचर अडकली तर सोडवायला दुसरी हवी, म्हणून दोन घ्या. रुतलेल्या कुऱ्हाडीच्या माथ्यावर घण मारू नका, दांड्याचं भोक पसरतं आणि पोलादाचा कपचा उडू शकतो. पाचरीचा माथा ठोकून फुलला की कानसीने घासून साफ करा, तिथूनही कपचे उडतात.

पातळ पात्याची तोडायची कुऱ्हाड फोडायला कामाची नाही. पोट जाड असलेली घ्या, ती लाकूड बाजूला रेटते. खाली गुडघ्यापेक्षा थोडा कमी उंचीचा ठोकळा, तोही मातीवर ठेवलेला. फरशीवर नको.

आंब्याची फांदी त्यामानाने सहज फुटेल. चीक अंगाला लागू देऊ नका, त्वचा भाजल्यासारखी होते.

वखारवाला_भांडुप

वाळण्याबद्दल. मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास राहते, तेव्हा छताखालचं सुकं लाकूडसुद्धा 17-18 टक्के ओलाव्याखाली उतरत नाही. ऑक्टोबरच्या उन्हापासून खरी वाळवण सुरू होते. जळायला 20 टक्क्यांच्या आत हवं.

त्यामुळे ओंडके ठेवून द्यायची चूक करू नका. लाकूड टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून वाळतं, सालीतून फार कमी. अखंड ओंडका वर्षभर आत ओला राहतो आणि तेवढ्यात भुंगेऱ्याची पिठी पडायला लागते. आताच मनगटाएवढ्या फोडी केल्यात तर आंबा डिसेंबरअखेर जळेल. रेन ट्रीच्या जाड फोडी मात्र मे महिन्यावर सोडा.

कळायचं कसं? चार फोडींवर खडूने आकडे टाका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करा. लागोपाठ तीन आठवडे वजन उतरलं नाही की झालं. ओलावा मोजायचं मीटर असेल तर फोड पुन्हा चिरून आतल्या ताज्या बाजूला टोचा, बाहेरून टोचल्यास आकडा फसवतो.

ओलं जाळण्यात नुकसान किती? एक किलो पाणी वाफ करायलाच सहाशेच्या आसपास किलोकॅलरी जातात, ती उष्णता बंबातल्या पाण्याला मिळत नाही. शिवाय नळीत डांबरासारखं काजळीचं कवच धरतं. सुक्या लाकडावर वीस लिटर पाणी कडकडीत व्हायला पाऊण ते एक किलो सरपण पुरतं.

वॉर्ड_ऑफिसची_पायरी

झाडाबद्दल: महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 मुंबईला लागू आहे. आपल्या आवारातलं असलं तरी उभं झाड तोडायला परवानगी लागते, आणि मोठी छाटणीही उद्यान विभागाला विचारल्याशिवाय करू नका. पडलेल्या फांदीचे तुकडे करण्याआधी तारखेसह फोटो काढा आणि वॉर्डच्या उद्यान विभागाला लेखी कळवा. फांदी विजेच्या तारेवर किंवा रस्त्यावर असेल तर हात न लावता पालिकेच्या 1916 वर फोन. लाकूड टेम्पोने शहराबाहेर न्यायचं असेल तर वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो का ते आधी विचारा, नियम झाडाच्या जातीप्रमाणे बदलतात.

धुराचं गांभीर्यही लक्षात घ्या. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तो आदेश घरच्या बंबासाठी नाही, पण शेजारच्या खिडकीत दम्याचं माणूस असू शकतं. सुकं लाकूड, मोकळी हवा, आणि बंब बाथरूममध्ये बंद करून कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मुलुंडपूर्व_अंगण

खूप मदत झाली. रचायला पश्चिमेच्या भिंतीलगत पत्र्याखाली जागा आहे, चालेल? आणि सोसायटीने फेकलेल्या जुन्या खिडक्या, प्लायवूड आहे, ते पेटवायला वापरू का?

वखारवाला_भांडुप

पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, पश्चिमेचा कोपरा भिजेल. पूर्वेला रचा. खाली विटा किंवा चिरे, जमिनीपासून सहा इंच वर, भिंतीपासून हातभर लांब. वर पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळलंत तर बुरशी धरेल.

प्लाय आणि रंगाचं लाकूड अजिबात नाही. प्लायच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड निघतो, जुन्या रंगात शिसं असतं. पेटवायला नारळाची करवंटी आणि सोडणं सगळ्यांत छान. कण्हेरीच्या काटक्याही सरपणात येऊ देऊ नका, ते झाड विषारी आहे.

पाचर_आणि_घण

एक राहिलं. ढिगातून लाकूड काढताना आधी काठीने हलवा, मग हात घाला. मुलुंडच्या डोंगराकडे घोणस आणि विंचू दोन्ही सापडतात. उंदीरही ढिगात राहतात, त्यांच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. हातमोजे चामड्याचे घाला, आणि खालचा थर महिन्यातून एकदा उपसून पुन्हा लावा.