ड्रायसूटच्या आत नेमके काय घालावे? सहा अंशांच्या पाण्यात थंडी आवरत नाही

तारकर्लीकर (सध्या लेस्टर)

नमस्कार. मी डायव्हिंग शिकले ते मालवणजवळ तारकर्लीला, जिथे पाणी 28 अंशांच्या आसपास असते आणि अंगात पातळ वेटसूट असला की थंडीचा विचारही मनात येत नाही. नोकरीच्या निमित्ताने गेली दोन वर्षे मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते आणि इथल्या क्लबबरोबर स्टोनी कोव्हला, म्हणजे पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत, डायव्हिंगला जाते. या हिवाळ्यात मी एक वापरलेला पण सुस्थितीतला ट्रायलॅमिनेट ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊच न देणारा सूट, विकत घेतला.

फेब्रुवारीत पाण्याचे तापमान 6 अंश होते. सूटच्या आत मी सुती टी-शर्ट, त्यावर आईने दादरहून पाठवलेले थर्मल आणि त्यावर क्लबकडून उसना घेतलेला फ्लीसचा अंडरसूट घातला होता. सुरुवातीला बरे वाटले, पण विसाव्या मिनिटाच्या सुमारास पाठीतून शिरशिरी येऊ लागली आणि थोड्याच वेळात रेग्युलेटरवर, म्हणजे श्वासासाठी तोंडात धरलेल्या नळीच्या टोकावर, दात वाजू लागले, म्हणून डायव्ह अर्ध्यावर सोडून वर यावे लागले. सूट उतरवला तेव्हा टी-शर्ट पाठीला आणि काखेत असा चिकटला होता की पिळला असता तर पाणी निघाले असते. सूट गळतो अशी माझी खात्रीच झाली. मात्र क्लबमधील अनुभवी सदस्यांनी गळ्याचे व मनगटांचे सील (पाणी अडवणारे घट्ट पट्टे) बंद करून सूटमध्ये हवा भरली, बाहेरून साबणाचे पाणी लावून पाहिले, तर कुठेही बुडबुडा आला नाही.

हे सगळे पाणी घामाचेच असू शकते का? आणि अंगालगत कोणते कपडे घ्यावेत? जूनमध्ये आमचा क्लब आठवडाभरासाठी ऑर्कनी बेटांवर स्कापा फ्लोला जाणार आहे, आणि तिथली बुडालेली जर्मन जहाजे मला थंडीने कुडकुडत पाहायची नाहीत.

ओबानवासी

ताई, तुमच्या वर्णनावरून तो घामच दिसतो. गळतीचे पाणी सीलपासून किंवा चेनपासून सुरू होते आणि ओघळाने पसरते; मनगटाचे सील गळत असेल तर बाही कोपरापर्यंत भिजते, गळ्याचे गळत असेल तर छातीवर ओला पट्टा उमटतो. पाठ आणि काखा सारख्याच ओल्या असणे ही घामाची खूण आहे. तुम्ही काठावर पूर्ण सूट चढवला असेल, 12 लिटरचा पोलादी सिलिंडर पाठीवर घेतला असेल, पाण्यात बुडता यावे म्हणून कमरेला शिसे बांधले असेल आणि गाडीपासून पाण्यापर्यंत चालत गेला असाल, तर पाण्यात शिरण्याआधीच तुम्ही आतून भिजला होतात.

ट्रायलॅमिनेट सूट म्हणजे कापडाच्या दोन थरांमध्ये ब्युटाइल रबराचा पातळ थर. तो बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तशीच आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही, आणि त्याची स्वतःची ऊब जवळजवळ शून्य असते. ऊब असते ती आतल्या कपड्यांच्या तंतूंमध्ये अडकून राहिलेल्या हवेत. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे त्या हवेची जागा घामाने घेतली की कितीही जाड कपडा असला तरी तो निरुपयोगी होतो. सुती कापड घाम पिऊन घेते आणि अंगालाच धरून ठेवते. कोकणातल्या उन्हात आपल्याला सुती कपडा प्रिय वाटतो तो याच गुणामुळे, आणि इथे नेमका तोच गुण घात करतो.

आईंनी पाठवलेल्या थर्मलच्या आतले लेबल कृपया वाचून पाहा. आपल्याकडे हिवाळ्यात मिळणारी बरीच थर्मल सुती किंवा सुती-मिश्र असतात. महाबळेश्वरच्या पहाटे ती उत्तम काम देतात, पण ड्रायसूटच्या आत घातली तर तुमच्या अंगावर एकाऐवजी दोन सुती थर होतात.

अंगालगत मी स्वतः मेरिनो लोकर वापरतो, दर चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाची. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा तंतूंच्या आत शोषते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि थोडी दमट झाली तरी ऊब टिकवून धरते. ती अंगाबरोबर बसावी, पण आवळू नये. ढगळ घेतली तर काखेत आणि गुडघ्यामागे घड्या पडतात आणि वरचा अंडरसूट चढवताना त्या घड्या तासभर टोचत राहतात.

आता अंडरसूटविषयी, कारण एकूण उबेचा मोठा वाटा त्याचाच असतो. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, 30 मीटरवर चौपट. सूटमध्ये हवा सोडून आपण तो दाब भरून काढतो, पण हवा नेहमी वरच्या भागाकडे पळते. उभे राहिलात तर ती खांद्यांपाशी गोळा होते आणि पायांवरचा कपडा दाबला जातो. आडवे पोहत असाल तर पाठीवर हवा राहते आणि पोट, छाती व मांड्यांचा पुढचा भाग चेपला जातो. साधा फ्लीस तिथे पापडासारखा चपटा होतो. थिन्सुलेट या कृत्रिम भरणाचे तंतू अतिशय बारीक असल्यामुळे दाबाखालीही त्यांच्यात बरीच हवा टिकते आणि ते पाणीही फारसे धरत नाहीत, म्हणून सूटमध्ये खरोखर पाणी शिरले तरी थोडा आधार राहतो. 6 अंशांसाठी मी मेरिनो आणि त्यावर जाड थिन्सुलेट घालतो. जूनमधल्या स्कापा फ्लोसाठी, जिथे पाणी 10 अंशांच्या आसपास असते, तीच मेरिनो आणि मध्यम जाडीचा अंडरसूट पुरतो. अंगालगतचा थर मी वर्षभर बदलत नाही, बदलतो तो फक्त वरचा.

बर्गनहून

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण लोकरीच्या बाबतीत मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. मेरिनो सावकाश वाळते. एका दिवसाच्या डायव्हिंगसाठी याने काही बिघडत नाही, पण आठवडाभर बोटीवर राहून दररोज दोनदा पाण्यात उतरायचे असेल तर सकाळी दमट झालेली लोकर दुपारी पुन्हा चढवावी लागते. ती ऊब देईलही, पण दमट कपडा अंगात चढवण्याची पहिली पाच मिनिटे अत्यंत नकोशी असतात. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरचे पातळ कपडे जवळजवळ पाणी धरतच नाहीत आणि बोटीच्या इंजिनच्या खोलीजवळ टांगले तर पुढच्या डायव्हपर्यंत वाळतात. त्यांना वास लवकर येतो हे खरे, म्हणून दोन जोड न्यावेत. ज्यांच्या त्वचेला लोकर चावते त्यांच्यासाठीही हाच मार्ग सोयीचा.

इथे नॉर्वेत आणखी एक प्रकार वापरतात, तो म्हणजे जाळीचा बनियन. 1933 च्या सुमारास हेन्रिक ब्रून या नॉर्वेजियन लष्करी अधिकाऱ्याने हेरिंग माशांच्या जुन्या जाळ्यांपासून असा बनियन तयार केला. त्याची भोके मोठी असतात, त्यामुळे अंग आणि वरचा कपडा यांच्यामध्ये हवेचे लहान लहान कप्पे राहतात आणि घाम त्यांतून वरच्या थराकडे निघून जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात जाळीचा बनियन घालणारे आजोबा ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे उलटे वाटेल, पण जाळी ऊब देते ती तिच्यावर दुसरा कपडा असतो तेव्हाच. माझ्या अंगात लोकरीची जाळी आणि त्यावर पातळ मेरिनो असते. पाठ इतकी कोरडी याआधी मला कधीच मिळाली नव्हती.

धुण्याविषयी एक विनंती: या कपड्यांना कपडे मऊ करणारे द्रव्य लावू नका. त्याचा लेप तंतूंवर बसतो आणि घाम पुढे ढकलण्याचे काम मंदावते.

प्लिमथचा प्रशिक्षक

कापडावर चांगली चर्चा झाली आहे, म्हणून मी फिटिंग आणि वजनाबद्दल लिहितो. नवे कपडे घेतल्यावर लोक थेट खोल पाण्यात जातात आणि अडचणीत येतात.

नवे थर घालून, वर सूट चढवून, घरातच उकिडवे बसून पाहा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या, मग एक हात मानेमागे नेऊन सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो का ते तपासा. हात पोहोचत नसेल तर अंडरसूट कितीही उबदार असला तरी तो तुमच्यासाठी योग्य नाही. दंडावरचा हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह आतून कपड्याने झाकला जात नाही ना, हेही पाहा. काही अंडरसूटना त्या जागी हवा सहज जाईल असा तुकडा शिवलेला असतो, आणि ज्यांना तो नसतो त्यांत वर येताना हवा अडकते. त्याचा परिणाम वेग आवरता न येण्यात होतो, म्हणजे हा प्रश्न थंडीपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

जाड अंडरसूटमध्ये जास्त हवा राहते, म्हणून शिसेही जास्त लागते, बहुधा 2 ते 3 किलो. सिलिंडरमध्ये 50 बार दाबाची हवा उरलेली असताना 6 मीटरवर स्थिर राहता येते का, यावरून ते ठरवा. स्टोनी कोव्हचे पाणी गोडे आहे आणि स्कापा फ्लो समुद्र आहे. तुमचे व सामानाचे मिळून वजन 100 किलो असेल तर समुद्रात सुमारे 2.5 किलो आणखी लागतील, तेव्हा स्टोनी कोव्हला जमलेला आकडा तिथे जसाच्या तसा नेऊ नका.

पायमोज्यांच्या बाबतीत बहुतेकांची एक चूक होते. दोन जाड मोजे घालून बुटात पाय कोंबला की रक्तप्रवाह अडतो आणि बोटे अधिकच गार पडतात. एकच जाड लोकरी मोजा घाला आणि बोटे हलवायला जागा ठेवा.

विजेवर तापणाऱ्या जॅकेटचा विचार मनात येईल, म्हणून सांगतो. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत असे दिसले की तळाशी असताना शरीर उबदार आणि वर येतानाच्या थांब्यांवर थंड राहिले, तर डीकम्प्रेशनच्या आजाराचा (वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा) धोका बराच वाढतो. उबदार शरीर तळाशी अधिक नायट्रोजन घेते, आणि थंड पडल्यावर तो बाहेर टाकणे मंदावते. स्कापा फ्लोच्या युद्धनौका 40 मीटरच्या आसपास खोल आहेत आणि तिथे थांबे घ्यावेच लागतात. तळाशी चालू ठेवलेल्या जॅकेटची बॅटरी थांब्यांवर संपणे, हा नेमका तो वाईट क्रम आहे. आधी जॅकेटशिवाय पूर्ण डायव्ह सुखाने होईल असे थर जमवा.

तारकर्लीकर (सध्या लेस्टर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लेबल वाचले, आणि आईने पाठवलेल्या थर्मलवर खरोखरच 60 टक्के कापूस लिहिलेला आहे. ते आता मी घरी घालते.

200 ग्रॅमची मेरिनो घेतली, क्लबकडून थिन्सुलेटचा अंडरसूट मागून घेतला आणि गेल्या रविवारी पुन्हा स्टोनी कोव्हला गेले. पाणी 8 अंश होते. या वेळी सामान आधी काठावर नेऊन ठेवले, गळ्याचे सील व चेन अगदी शेवटी लावली आणि दहा मिनिटे सावलीत बसून मगच पाण्यात उतरले. 41 मिनिटे खाली होते आणि वर आले ती गॅस संपत आला म्हणून. सूट उतरवल्यावर अंडरसूटच्या बाहेरच्या बाजूवर हात फिरवला तर तिथे दवासारखा ओलावा होता, आणि आतली लोकर कोरडी लागत होती. शिसे 2 किलो वाढवावे लागले.

डावी बाही मात्र अर्ध्या हातापर्यंत भिजली होती. सील उलटे करून पाहिले तेव्हा मेरिनोच्या कफातून सुटलेला एक धागा, जेमतेम तीन सेंटिमीटरचा, त्याखाली आडवा अडकलेला सापडला. आता सील लावण्याआधी कफ दोन बोटे मागे सारते आणि मनगटाभोवती बोट फिरवून पाहते. स्कापा फ्लोसाठी बर्गनहून आलेल्या सल्ल्याप्रमाणे पॉलिप्रोपिलीनचे दोन जोड मागवले आहेत, मेरिनो रात्री झोपताना आणि शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवणार आहे. अंडरसूट मात्र मला खांद्यात आवळतो आणि मागे हात व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे एक माप मोठा शोधत आहे. लेस्टर किंवा बर्मिंगहॅमच्या परिसरात कोणाकडे मध्यम जाडीचा, वापरलेला चालेल, असा अंडरसूट असेल तर कृपया कळवावे. माझी उंची 163 सेंटिमीटर आहे.